चार फोटो, सहा फाशी

७ जून २००३, नाशिक. दोन दिवसांपूर्वी रात्री शेतातल्या एका झोपडीत दरोडेखोर शिरले होते. जेवणं उरकून घरातली माणसं पाहुण्याशी गप्पा मारत बसली होती. पाच जण मारले गेले, त्यात पंधरा वर्षांची एक मुलगी. तिच्यावर मारण्याआधी अत्याचार झाला होता. जखमी होऊन वाचले ते दोघंच: घरातली एक बाई आणि एक तरुण मुलगा.

त्या बाईसमोर पोलिसांनी रेकॉर्डवरच्या गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम ठेवला. अंगावरच्या जखमा अजून ओल्या होत्या. तिने पानं बघितली आणि चार फोटोंवर बोट ठेवलं. हेच होते. विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर तशी नोंद झाली.

त्या चौघांवर खटला चालला नाही. खटला चालला तो वेगळ्याच सहा जणांवर, आणि सहाही जणांना फाशी सुनावली गेली. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं, तोवर त्यांच्या आयुष्यातली जवळपास सोळा वर्षं तुरुंगात गेली होती. एक जण तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हेही पुढे सिद्ध झालं.

त्या सहा जणांची नावं मी इथे लिहीत नाही. दरोडेखोर, बलात्कारी, खुनी म्हणून ती पुरेशी छापून झाली आहेत.

विधी महाविद्यालयात फौजदारी कायदा शिकवताना गेली काही वर्षं मी हाच निकाल मुलांपुढे ठेवतो. मुलं तपासावर बोलतात, ओळख परेडवर बोलतात, कनिष्ठ न्यायालयावर चिडतात. ते सगळं योग्यच आहे. पण या प्रकरणात मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट वेगळी आहे. फाशीच्या बाबतीत आपल्या राज्यघटनेने न्यायालयांबाहेर, निवडून आलेल्या सरकारच्या हातात, एक शेवटची चाळणी दिली आहे. या सहा जणांच्या सोळा वर्षांत त्या चाळणीतून काही चाळलं गेल्याची खूण मला निकालात कुठे सापडत नाही. उलट सरकार या खटल्यात जिथे जिथे दिसतं, तिथे ते आणखी फाशी मागताना दिसतं.

तीन निकाल, तिन्ही वेळा दोषी

हे सहाही जण भटक्या समाजातले, मोलमजुरी करणारे. जून २००३ मध्येच धरपकड झाली. भटक्या-विमुक्तांच्या पालावर पोलिसांची गाडी आली की काय होतं, हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायला नको. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण गुन्हा झाला की आधी पालावर जायचं, ही सवय रद्द झाली नाही. २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट शब्दांत लिहिलं आहे: आरोपी भटक्या जमातीतले, समाजाच्या तळच्या थरातले, अत्यंत गरीब मजूर आहेत, आणि त्यांना खोटं गोवलं गेलं असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

खटल्याचा सगळा डोलारा ओळखीवर उभा होता. वाचलेल्या दोघांनी आरोपींना ओळखलं, हा सरकार पक्षाचा मुख्य आधार. ज्या बाईने कोर्टात आरोपींना ओळखलं, तिनेच घटनेनंतर दोन दिवसांनी अल्बममधले दुसरे चौघं ओळखले होते, ही बाब मात्र सरकार पक्षाने दडवली. दडवली हा शब्द माझा नाही, न्यायालयाचाच निष्कर्ष तसा आहे.

मी त्या बाईला दोष देत नाही. एवढं सोसलेल्या माणसाला पोलिसांनी तीन वर्षांत जे पुन्हा पुन्हा सांगितलं असेल, ते तिला खरं वाटू लागलं असेल तर नवल नाही. तिची पहिली ओळख ताजी होती, कुणी शिकवलेली नव्हती, आणि तीच बाजूला ठेवली गेली.

नाशिकच्या सत्र न्यायालयाने १२ जून २००६ रोजी सहाही जणांना फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने २२ मार्च २००७ रोजी तिघांची फाशी कायम केली आणि तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली.

इथे जरा थांबायला हवं. उच्च न्यायालयाच्या या निकालानंतर महाराष्ट्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, उरलेल्या तिघांनाही फाशीच हवी म्हणून. असं अपील आपोआप होत नाही. सरकारी वकिलाचा अभिप्राय येतो, विधी व न्याय विभागाची टिपणी होते, गृह विभागाची मान्यता लागते. नस्ती, म्हणजे सरकारी फाइल, टेबलावरून टेबलावर जाते आणि प्रत्येक टेबलावर कुणीतरी सही करतं. माणसं मारायची की जगवायची याबद्दलची ती नस्ती होती. त्या खटल्याचे मूळ पोलीस कागद त्याच सरकारच्या ताब्यात होते. चार फोटोंची नोंद सरकारच्याच दप्तरात होती. ती उघडून बघावी असं एकाही टेबलाला वाटलं असतं, तर अपील तिथेच थांबलं असतं.

हे वाईट हेतूने झालं, असं माझं म्हणणं नाही. तिघांना आणखी फाशी मागताना सरकारला वाईट हेतूची गरजसुद्धा पडली नाही, याचीच मला भीती वाटते.

३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या पीठाने सरकारचं अपील मान्य केलं. सहाही जण पुन्हा फाशीच्या छायेत आले.

तेरा दिवस

त्या निकालानंतर बरोबर तेरा दिवसांनी, १३ मे २००९ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या पीठाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, बरियार खटल्यात, एक महत्त्वाची कबुली दिली. १९८० च्या बच्चनसिंग खटल्यात पाच न्यायाधीशांनी सांगून ठेवलं होतं की फाशी देताना गुन्हा आणि गुन्हेगार या दोघांकडेही बघायचं: माणूस कोण, वय किती, परिस्थिती काय, सुधारण्याची शक्यता आहे का. १९९५ च्या रावजी खटल्यात दोन न्यायाधीशांनी हे नजरेआड केलं आणि फक्त गुन्ह्याचं क्रौर्य बघितलं. पुढे कित्येक फाशीच्या निकालांत रावजीचाच दाखला दिला गेला. बरियार निकालाने म्हटलं की रावजी हा बंधनकारक निकाल डावलून दिलेला, म्हणजे चुकीचा निकाल होता.

तोपर्यंत रावजी स्वतः मेलेला होता. डिसेंबर १९९५ मध्ये निकाल आणि मे १९९६ मध्ये फाशी, जेमतेम पाच महिने. त्याच चुकीच्या दाखल्यावर आणखी एकाला १९९७ मध्ये फाशी झाली.

नाशिकच्या सहा जणांचा निकालही याच माळेतला. न्यायालयाला आपली चूक कळली होती, पण कळलेली चूक आपोआप प्रत्येक कैद्यापर्यंत पोहोचत नाही. कुणीतरी यादी काढावी लागते, कुणाच्या कुणाच्या शिक्षेत ती चूक शिरली आहे ते शोधावं लागतं. हे काम सरकारचं होतं. केंद्रात आणि राज्यात यासाठी खाती आहेत, त्यांत विधी अधिकारी पगारावर बसलेले आहेत.

ते काम केलं निवृत्त न्यायाधीशांनी. २०१२ मध्ये चौदा माजी न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना लिहिलं की तेरा कैद्यांना चुकीच्या दाखल्यावर फाशी ठोठावली गेली आहे, तेव्हा त्यांची शिक्षा जन्मठेपेवर आणावी. चुकीच्या आधारावर ज्या दोघांना प्रत्यक्ष फाशी झाली, तो स्वतंत्र भारतातला अत्यंत गंभीर अन्याय आहे, असंही त्यांनी त्यात म्हटलं. सह्या करणाऱ्यांत न्या. पी. बी. सावंत होते, न्या. ए. पी. शहा होते, न्या. होस्बेट सुरेश होते. मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश राहिलेली ही माणसं. त्यांच्या यादीत नाशिकचं हे प्रकरणही होतं.

न्यायाधीशांनी निवृत्तीनंतर आपल्याच न्यायालयाच्या चुका मोजून राष्ट्रपतींच्या दारात जावं, हे माझ्या माहितीत तरी वारंवार घडलेलं नाही. एखाद्या सरकारसाठी ती फार मोठी संधी होती. न्यायालयाशी भांडण नाही, लोकांच्या रागाला सामोरं जायचं नाही, खुद्द न्यायाधीशच सांगताहेत की चूक झाली. या सहा जणांची सुटका त्या पत्रानंतर साडेसहा वर्षांनी झाली, आणि ती राष्ट्रपती भवनातून आली नाही, मंत्रालयातूनही आली नाही.

दया म्हणजे नेमकं काय

वर्गात या ठिकाणी एक प्रश्न हमखास येतो. गेल्या वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारला: "सर, तीन-तीन कोर्टांनी दोषी म्हटल्यावर मंत्र्यांनी काय करायचं? ते काय न्यायाधीश आहेत?"

प्रश्न प्रामाणिक आहे, आणि बहुतेक मंत्रीही मनातून असंच म्हणत असतील. पण कायदा तसं म्हणत नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद ७२ राष्ट्रपतींना आणि अनुच्छेद १६१ राज्यपालांना शिक्षा माफ करण्याचा, कमी करण्याचा अधिकार देतो. १९८० च्या मारू राम निकालापासून हे स्पष्ट आहे की हा अधिकार मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरायचा असतो, म्हणजे प्रत्यक्षात तो निवडून आलेल्या सरकारचा अधिकार आहे. आणि १९८८ मध्ये केहरसिंग खटल्यात घटनापीठाने सांगितलं की दयेचा अर्ज आल्यावर राष्ट्रपती खटल्यातला पुरावा स्वतः तपासू शकतात आणि न्यायालयापेक्षा वेगळ्या निष्कर्षाला येऊ शकतात. न्यायालयाचा निकाल त्याने रद्द होत नाही, पण माणूस वाचतो.

दया या शब्दाने आपला घोळ होतो. वाटतं की दोषी माणूस पाय धरतो आणि राजा उदार होतो. घटनेतला हा अधिकार त्याहून मोठा आहे. न्यायालयासमोर तेवढंच येतं जे दोन्ही बाजूंचे वकील आणतात, आणि गरिबाचा वकील कसा असतो हे तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात एक दुपार काढली तरी कळतं. सरकारसमोर मात्र सगळं असतं. पोलिसांची डायरी, न दाखवलेले जबाब, आरोपपत्रात न आलेले कागद. फाशी देणारंही सरकार आणि ती कागदपत्रं सांभाळणारंही सरकार. म्हणून दयेच्या टप्प्यावर सरकारने स्वतःच्या खटल्याकडे एकदा, शेवटचं, डोळे उघडून बघायचं असतं.

त्या मुलीला मी उलट विचारलं, अल्बममधल्या चार फोटोंची नोंद कुणाच्या कपाटात होती? ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "सरकारच्याच."

नस्ती कशी चालते

आता सरकारकडे आलेले दयेचे अर्ज महाराष्ट्रात कसे हाताळले जातात ते बघू. नाशिकच्या प्रकरणाबाहेरची दोन उदाहरणं इथे घेतो, कारण ती न्यायालयाने तारीखवार तपासलेली आहेत.

पहिलं कोल्हापूरचं. लहान मुलं पळवून त्यांना चोऱ्यांसाठी वापरून मग मारून टाकणाऱ्या दोघी बहिणी. त्यांच्याबद्दल माझ्या मनात काडीचीही कणव नाही, आणि हे प्रकरण मुद्दाम घेतो ते त्याचसाठी. ऑगस्ट २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची फाशी कायम केली. १८ जानेवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली, कारण दयेच्या अर्जांवर निर्णय व्हायला सात वर्षं, दहा महिने आणि पंधरा दिवस लागले होते. नस्तीच्या प्रत्येक टप्प्यावर सरकारी यंत्रणेने बेपर्वाई आणि ढिलाई दाखवली, आणि इलेक्ट्रॉनिक संपर्काची साधनं हाताशी असताना निव्वळ फायली हलायला सात वर्षं लागावीत हे मान्य होण्यासारखं नाही, असे ताशेरे न्यायालयाने ओढले. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही शिक्षा कमी करणं कायम ठेवलं, मात्र दोघींनी मरेपर्यंत तुरुंगातच राहावं असं सांगितलं.

मेलेल्या मुलांच्या आयांचा विचार करा. एवढी वर्षं त्यांना सरकारने ना "हो" म्हटलं ना "नाही". राज्यात गृहमंत्री बदलले, मुख्यमंत्री बदलले, नस्ती तिथेच.

दुसरं पुण्याचं, २००७ मध्ये बीपीओत काम करणाऱ्या तरुणीवर बलात्कार करून तिचा खून केल्याचं. मे २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांची फाशी कायम केली. राज्यपालांनी मार्च २०१६ मध्ये अर्ज फेटाळला, राष्ट्रपतींनी मे २०१७ मध्ये. फाशीचं वॉरंट निघालं एप्रिल २०१९ मध्ये. राष्ट्रपतींचा नकार आल्यावरही जवळजवळ दोन वर्षं नुसता पत्रव्यवहार. जुलै २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने या विलंबामुळे शिक्षा बदलून पस्तीस वर्षांची केली. राज्य सरकार त्याविरुद्धही सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ९ डिसेंबर २०२४ रोजी हरलं. त्या निकालात न्यायालयाला सगळ्या राज्यांना सांगावं लागलं की दयेच्या अर्जांसाठी गृह किंवा तुरुंग विभागात एक स्वतंत्र कक्ष ठेवा. राज्यघटना लागू होऊन पंचाहत्तर वर्षं होत आली असताना, माणसाच्या जीवन-मरणाची फाइल कुठल्या टेबलावर आहे हे कुणाला तरी ठाऊक असावं, यासाठी आदेश काढावा लागला.

सीमेपलीकडचं एक उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. जून २०१२ मध्ये तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी एका कैद्याची फाशी जन्मठेपेवर आणली. तो माणूस ऑक्टोबर २००७ मध्येच बेळगावच्या तुरुंगात आजाराने वारला होता. जवळपास पाच वर्षं मेलेल्या माणसाची नस्ती मंत्रालयांतून फिरत राहिली, तिच्यावर टिपणं लिहिली गेली, आणि शेवटी त्याला जीवदान मिळालं.

नाशिकचे सहा जण निर्दोष, कोल्हापूर-पुण्याचे कैदी दोषी. पण तिन्ही ठिकाणी सरकारने तेच केलं. दोषी कोण, निर्दोष कोण, फाशी द्यावी की नाही, दिली तर का, या प्रश्नांना हातच लावला नाही. फाशी मागताना सरकार तत्पर असतं, कारण मागणं हे भाषणात सांगता येतं. नंतरचं काम कुणाला दिसत नाही. फाशी यार्डातल्या माणसाला मत नसतं. पालावरच्या त्याच्या बायकापोरांकडे कितीदा रेशन कार्डसुद्धा नसतं. त्यांच्यासाठी मोर्चा निघत नाही, आणि निघाला तर आमदार त्यात दिसणार नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये फाशीच्या कैद्यांचा देशभराचा अहवाल काढला. त्यातले चारातले जवळजवळ तीन कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बल निघाले.

सुटका

सहा जणांना वाट सापडली ती न्यायालयातच. सप्टेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की फाशीच्या प्रकरणातल्या पुनर्विलोकन याचिका बंद दालनात कागद बघून निकाली न काढता खुल्या न्यायालयात ऐकायच्या. त्या वाटेने हे प्रकरण पुन्हा उघडलं. २००९ चा निकाल मागे घेतला गेला आणि अपिलं नव्याने ऐकली गेली. या वेळी न्या. सिक्री, न्या. नझीर आणि न्या. एम. आर. शहा यांच्या पीठाने कागद नीट वाचले आणि अल्बमची नोंद बाहेर आली.

निकालपत्रातला एक भाग मी वर्गात नेहमी मोठ्याने वाचून दाखवतो. त्याचा आशय असा: सगळ्या आरोपींना, अगदी जो पुढे अल्पवयीन ठरला त्यालाही, एकान्त कोठडीत ठेवलं गेलं होतं. माणसांशी संपर्क अगदी जुजबी. डोक्यावर सतत मरणाची भीती. भेटायला फक्त घरचे, आणि तेही क्वचित.

न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली, आणि तपासात कसूर करणारे अधिकारी शोधून त्यांच्यावर खातेनिहाय कारवाई करण्याचा आदेश राज्याच्या गृह विभागाला दिला. मुलांपैकी एकाने मोबाइलवर हिशेब केला. दिवसाला नव्वद रुपयेही पडत नव्हते. रोजगार हमीची मजुरीसुद्धा याहून जास्त असते, असं तो म्हणाला. मी काही बोललो नाही. भरपाईचे आकडे कमी-जास्त होऊ शकतात. पण सतराव्या-अठराव्या वर्षी आत गेलेला मुलगा पस्तिशीच्या उंबरठ्यावर बाहेर येतो, त्याचा हिशेब मोबाइलवर होत नाही.

निकालानंतर पावणेतीन वर्षांनी, डिसेंबर २०२१ मध्ये, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने शक्ती विधेयक मंजूर केलं. बलात्काराच्या अतिगंभीर प्रकरणांत फाशी, आणि तपास तीस दिवसांत. विधानसभेत ते एकमताने संमत झालं. २००७ मध्ये ज्यांचं सरकार अपिलात गेलं ते पक्ष, २०१९ मध्ये ज्यांच्या सरकारला न्यायालयाने भरपाई द्यायला लावली ते पक्ष, आणि तेव्हा सत्तेवर असलेली आघाडी, सगळे एका बाजूला. त्या विधेयकाला पुढे राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. पण बाक वाजवून ते मंजूर करणाऱ्यांपुढे याच राज्याच्या पोलिसांनी, याच राज्याच्या वकिलांनी, याच स्वरूपाच्या गुन्ह्यात सहा निर्दोष माणसांना फासाच्या दोरीपर्यंत नेल्याचा निकाल अगदी ताजा होता. घाईच्या तपासाने काय होतं याचं इतकं जवळचं, इतकं आपलं उदाहरण दुसरं नव्हतं. बायकांवरच्या अत्याचाराची चीड मलाही आहे, मला दोन मुली आहेत. चीड आहे म्हणूनच मला खरा गुन्हेगार पकडलेला हवा आहे.

आता नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आहे. तिच्या कलम ४७२ मध्ये दयेच्या अर्जाला मुदती घातल्या आहेत. कैद्याने तीस दिवसांत अर्ज करायचा. राज्यपालांनी फेटाळला तर पुढच्या साठ दिवसांत राष्ट्रपतींकडे. केंद्राने राज्याचे अभिप्राय आणि कागद हाती आल्यापासून साठ दिवसांत शिफारस करायची. राज्याने ते अभिप्राय किती दिवसांत पाठवायचे, याला मुदत नाही. कोठडीत बसलेल्या निरक्षर माणसाला तीस दिवस, आणि मंत्रालयाला हवा तेवढा वेळ. शिवाय राष्ट्रपतींच्या निर्णयाविरुद्ध न्यायालयात दाद मागता येणार नाही, असंही त्याच कलमात घालून ठेवलं आहे. हे शब्दशः चाललं तर कोल्हापूर आणि पुण्याच्या नस्त्यांचा प्रवास न्यायालयाने जसा तपासला, तसा यापुढे तपासता येणार नाही. इतक्या मोठ्या बदलावर माझ्या जिल्ह्यातल्या एका लोकप्रतिनिधीला मी भेटून विचारलं होतं. त्यांनी सौजन्याने चहा पाजला आणि म्हणाले, "गुरुजी, यात पडू नका. लोकांना फाशी हवी असते."

लोकांना नेमकं काय हवं असतं, हे त्या बाईला कुणी विचारलं का, असं मला तेव्हापासून वाटत राहिलं आहे. तिच्या घरातली माणसं मारली गेल्यावर तिसऱ्याच दिवशी तिने सरकारला उत्तर दिलं होतं. चार चेहरे दाखवले होते. सरकारने तिचं म्हणणं कागदावर घेतलं, तो कागद बाजूला ठेवला आणि तिच्या नावाने सहा जणांची फाशी मागितली, एकदा नाशिकला, एकदा मुंबईला, एकदा दिल्लीला. २०१९ च्या निकालानंतर ते सहा जण आपापल्या घरी गेले. अल्बममधल्या चौघांचा तपासच झाला नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने त्याच निकालात लिहून ठेवलं आहे.